फुली मारलेलं घर

खांद्याला चमचा चिकटतो म्हणून नुकसानभरपाई मिळवून द्या, असं सांगत अंधेरीचे एक काका आमच्या ऑफिसात आले होते. ऑफिस म्हणजे घाटकोपरला, बुद्धविहाराच्या मागे, एक खोली आणि एक टेबल. काकांनी शर्टाची वरची बटणं सोडली, पिशवीतून स्टीलचा चमचा काढला आणि लस घेतलेल्या खांद्यावर ठेवला. चिकटला. मी त्यांना टॉवेल दिला. म्हटलं, "काका, घाम पुसा आणि परत लावा."

पुसल्यावर चमचा खाली पडला. काकांनी तो उचलून पिशवीत टाकला. मग म्हणाले, "म्हणजे केस नाही?"

"केस नाही. चमचा मात्र झकास आहे."

दिवाळी अंकात कामाच्या आठवणी लोक निवृत्त झाल्यावर लिहितात. मी अजून पस्तिशीसुद्धा गाठलेली नाही आणि माझं काम संपायचं चिन्ह नाही. पण संपादक म्हणाले लिही, तर लिहिते. मला पत्रकं लिहायची सवय आहे, तेव्हा गोडगोड काही मिळणार नाही, आधीच सांगते.

पत्रकात दुसरं वाक्य कोणी वाचत नाही, म्हणून आमचं काम पहिल्याच वाक्यात सांगते. लस सगळ्यांच्या भल्यासाठी घ्यायची, तर तिची इजा एकट्याने का सोसायची?

आता दुसरं वाक्य. आम्ही लशीच्या विरोधात नाही. हे मला रोज सांगावं लागतं, आणि दोन्ही बाजूंना सांगावं लागतं. लस म्हणजे कारस्थान असं मानणारे आमच्याकडे मोठ्या आशेने येतात आणि शिव्या देत जातात. सरकारी लोक आम्हाला त्यांच्यातलेच समजून दारातच उभं ठेवतात. मधे आम्ही, म्हणजे मी, आमचा वकील रॉनी आणि एक कायम गरम होणारा प्रिंटर.

लस घेतल्यानंतर माणूस आजारी पडला, याचा अर्थ लशीमुळे पडला असा होत नाही. अख्ख्या शहराने दंड पुढे केला, तर त्याच आठवड्यात कोणाला तरी हार्ट अटॅक येणार होताच, कोणाची तरी साखर वाढणार होतीच. ‘नंतर’ आणि ‘मुळे’ या दोन शब्दांच्या मधल्या जागेत आमचं सगळं काम चालतं. आलेल्या बहुतेकांना मी कागद बघून परत पाठवते. रडणाऱ्या माणसाला "तुमचं दुःख खरं आहे, पण केस खरी नाही" असं सांगणं, हा या धंद्यातला सगळ्यात वाईट भाग.

पण ज्याचं खरंच ‘मुळे’ निघतं, त्याला सरकार काय सांगतं? दिवाणी कोर्टात जा आणि चूक कोणाची ते सिद्ध कर. अरे, चूक कोणाची? नर्सने नीट टोचलं, डॉक्टरने नीट तपासलं, बाटली थंड पेटीतच होती. कोणाचीही चूक नसताना क्वचित एखाद्याला इजा होते, हीच तर या इजेची जात आहे! काही देशांत यासाठी वेगळा निधी असतो. चूक न शोधता, इजा लशीमुळे झाली एवढं ठरलं की भरपाई. आम्ही तेवढंच मागतो. मागतोय, मागतोय, घसा बसलाय.

आता सुनंदाताईंकडे येते. खरं तर त्यांच्यासाठीच लिहायला बसले आहे.

सुनंदाताई परब मुलुंडला टेकडीवरच्या वस्तीत राहतात. माणसं मूळ कणकवलीकडची. सासरे गिरणीत होते, मुलगा नितीन रिक्षा चालवायचा. ताई स्वतः पालिकेच्या आरोग्य केंद्राच्या सेविका, मानधनावर. मानधन या शब्दाचा मला मनस्वी राग आहे. काम कर्मचाऱ्याचं आणि दुखलं-खुपलं की "तुम्ही कर्मचारी कुठे?"

वस्तीतलं प्रत्येक बाळ ताईंना नावानिशी माहीत. पोलिओच्या मोहिमेत दारोदार फिरायचं आणि निघताना दारावर खडूने खूण करायची. घरातल्या सगळ्या पोरांना डोस मिळाला असेल तर इंग्रजी ‘पी’. एक जरी पोर राहिलं, झोपलेलं असो, गावाला गेलेलं असो, बापाने नको म्हटलेलं असो, तर फुली. चार पोरांतली तीन झाली तरी फुलीच. आणि फुली मारलेल्या घरी परत जायचं. तिचा ‘पी’ होईपर्यंत जायचं. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते. नंतर एका मोहिमेच्या वेळी त्यांच्या गल्लीतून चालले आणि हसू थांबलं. दारामागून दार, दारामागून दार, पत्र्यावर, लाकडावर, शौचालयाच्या भिंतीशेजारच्या खोपटावरसुद्धा ती खडूची अक्षरं. म्हणजे इथपासून देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरापर्यंत, एकाही दाराला न विसरता, कोणी ना कोणी बाई चालत गेली होती. एवढं मोठं काम खडूने चालतं, हे मला माहीतच नव्हतं.

त्या मोठ्या साथीत नवी लस आली तेव्हा वस्ती घाबरली होती. केंद्रावर कोणी फिरकेना. ताईंनी नर्सला गल्लीच्या तोंडाशी खुर्ची मांडायला लावली, पदर सारला आणि म्हणाल्या, "आधी माका टोचा. मग ह्यो बायका येतील." बायका बघत होत्या. एकीने विचारलं, "आणि काय झालं तर गं?" ताईंनी ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं उत्तर दिलं, "काही झालं तर सरकार आहे ना बघायला."

बायका आल्या. सगळी गल्ली आली. कोणालाही काही झालं नाही.

ताईंना झालं.

आधी पायात मुंग्या. मग चालताना चप्पल पायातून निसटली तर कळेना. मग पाय गेले, हात गेले, श्वास मशीनवर गेला. जीबीएस, नसांचा एक आजार. शरीराची पहारेकरी यंत्रणा चुकून स्वतःच्याच नसांवर धावून जाते. पुष्कळदा साध्या जुलाबानंतरही होतं, काही लशींनंतर फार क्वचित होतं. ताईंच्या वॉर्डातल्या न्यूरोच्या, म्हणजे नसांच्या, डॉक्टरांनी मला हे समजावलं तेव्हा मी ते वहीत शब्दशः उतरवून घेतलं. बाहेरच्या रोगाला ओळखायला शिकवलेलं शरीर घरच्या माणसाला चोर समजतं! रागवायचं कोणावर? मी रागावर जगणारी बाई, मला तिथे राग सापडेना.

सरकारवर लगेच सापडला. जिल्ह्याच्या समितीने ताईंच्या फाइलवर शेरा मारला, ‘माहिती अपुरी, संबंध ठरवता येत नाही’. समितीचं कोणी त्यांना बघायला आलं नव्हतं. आम्ही हायकोर्टात गेलो. कोर्टाने समितीला सांगितलं, बाईंना समोर बसवून ऐका आणि कारणं देऊन नव्याने ठरवा. भरपाईचा प्रश्न त्यानंतर. म्हणजे सगळं या एका सुनावणीवर आलं. समिती ‘लशीमुळे’ म्हणाली तर रस्ता उघडणार, नाहीतर ताई आयुष्यभर ‘नंतर’ राहणार.

तोवर ताई वॉकर धरून घरातल्या घरात चालायला लागल्या होत्या. हाताची बोटं थरथरायची. वस्तीच्या पायऱ्या उतरायच्या तर नितीन पाठीवर घ्यायचा. त्याची रिक्षा आईच्या आजारपणात गेली होती, आता तो दुसऱ्याची चालवत होता.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी पोलिओचा बूथ होता. शनिवारी ताईंचा फोन. "काय गो चेडवा, उद्या येतंस? मी बूथवर बसतंय."

 मी रॉनीला फोन लावला. तो गोराईचा, रविवारी सकाळच्या फेरीबोटीने निघून मुलुंडला पोचला. दोघं मिळून टेकडी चढलो.

"ताई," रॉनी धापा टाकत म्हणाला, "केस लागेपर्यंत बसू नका, यार. कोणीतरी फोटो काढेल. ते म्हणतील, लशीने इजा झाली म्हणणारी बाई लशीच्या टेबलावर हसत बसलीय."

"मग खोटं आहे का ते? बसतेच ना मी."

"अहो, ते म्हणतील हात चालतात. पेन धरता येतं. वाट लागेल सगळ्याची."

मीही बोलले. चांगली बोलले. "ज्यांनी तुम्हाला वाऱ्यावर सोडलं त्यांच्या बूथवर फुकट बसायचं? निदान एक रविवार तरी त्यांना कळू दे ना तुमच्याशिवाय काय होतं ते!"

नितीन कोपऱ्यात उभा होता. तो म्हणाला, "मी नाही नेणार खाली. तुला जायचं तर जा."

ताईंनी आम्हा तिघांकडे एकेकदा बघितलं. "पोरांनी काय घोडं मारलंय?" म्हणाल्या. मग वॉकर धरून दारापर्यंत आल्या, उंबऱ्यावर बसल्या, आणि बसल्या बसल्याच पहिल्या पायरीवर उतरल्या. दोन्ही हात मागे टेकायचे, अंग उचलायचं, खालच्या पायरीवर ठेवायचं. मग पाय हातांनी उचलून पुढे. मग परत. नवी साडी नेसल्या होत्या, त्याची पर्वा नाही.

मी काय करावं? मला घोषणा येतात. हात कुठे घालायचा ते येत नाही.

तेवढ्यात समोरच्या दारातून एक बाई बाहेर आली आणि तिने वॉकर उचलला. खालच्या घरातून दुसरी आली, तिने पायरीवरचं पाणी फडक्याने पुसलं. पुढच्या पायऱ्यांवर आणखी कोणी कोणी. कोणी ताईंना उचलायला गेलं नाही. त्या खाली येतील तशी पुढची पायरी कोरडी होत होती. याच बायकांनी ताईंच्या मागून दंड पुढे केले होते. अर्ध्यावर नितीन धावत आला, ओरडला, "काय नाटकं लावलीयस आये!" आणि रडत रडत तिला पाठीवर घेतलं.

रॉनी माझ्या कानात म्हणाला, "हिला आपण साक्षीला शिकवणार होतो."

त्या दिवशी ताई बूथवर डोस झालेल्या पोरांच्या डाव्या करंगळीला शाई लावत बसल्या. आणि फोटो निघाला. निघायचाच होता.

सुनावणी बांद्र्याला एका सरकारी इमारतीत होती. लिफ्ट चालू होती, याला आमच्या कामात शुभशकुन मानतात. टेबलामागे तीन जण. मधे न्यूरोच्या एक डॉक्टर मॅडम, वयाने मोठ्या, चष्मा साखळीला. एका बाजूला आरोग्याचे अधिकारी, दुसऱ्या बाजूला कायद्याचे. समोर सरकारी वकील, तरुण, इस्त्री कडक.

रॉनीने रिपोर्ट मांडले, चांगले मांडले. मुंग्या कधी सुरू झाल्या, आधी जुलाब-ताप नव्हता, नसांच्या तपासण्या काय म्हणतात. मॅडम मान डोलवत होत्या. मग सरकारी वकिलांनी मोबाइल टेबलावर सरकवला. बूथचा फोटो. ताई हसतायत, हातात मार्कर, समोर एक बाळ भोकाड पसरून.

"परबबाई, या तुम्हीच ना?"

"मीच. ते बाळ कदमांच्या सुनेचं."

"लशीने तुमचं आयुष्य उद्ध्वस्त केलं, असं तुमच्या अर्जात आहे. मग दुसऱ्यांच्या मुलांना लस पाजायला बसता कशा?"

उद्ध्वस्त हा शब्द माझा. अर्ज मी लिहिला होता. पत्रकात शोभला असता.

"पाजायला नाही साहेब," ताई म्हणाल्या, "खूण करायला. पाजायला हात थरथरतो, थेंब बाहेर सांडतात. करंगळीवर थोडी वाकडी शाई लागली तरी चालतं. फोटो मोठा करून बघा."

मॅडमनी खरंच मोबाइल हातात घेतला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. बाळाच्या करंगळीबरोबर शेजारचं बोट आणि अर्धा तळवाही जांभळा झाला होता.

वकील मागे हटले नाहीत. "म्हणजे लशीवर तुमचा विश्वास आहे."

"आहे ना."

"मग तक्रार कशाबद्दल?"

रॉनी उठायला गेला. ताईंनी त्याच्या बाहीला धरून खाली बसवलं. त्यांचं बोलणं मी आठवणीतून लिहितेय, एखादा शब्द इकडेतिकडे असेल.

"साहेब, त्या दिवशी गल्लीत बायकांनी मला विचारलं, काय झालं तर? मी म्हटलं, सरकार आहे बघायला. तुम्हीच शिकवलेलं बोलले. माझ्या शब्दावर त्यांनी दंड पुढे केले. आता मला झालं. उद्या मी म्हटलं लस वाईट, तर त्या बायकांना मी फसवलं असं होईल, आणि लस तर वाईट नाही. तुम्ही म्हणालात आम्ही बघणार नाही, तरी मीच त्यांना फसवलं. दोन्हीकडून मीच खोटी. मला पैसे लागतात, नाही कशाला म्हणू, मुलाची रिक्षा गेली. पण पहिलं हे बघा. मी दारोदार खोटं बोलले का, तेवढं मला सांगा. परत मोहिमेला त्याच दारात जायचंय."

 मी इतकी वर्षं मोर्चे बघितलेत, माइक फाटेपर्यंत ओरडणारे बघितलेत. इतक्या हळू आवाजात एवढं मोठं काही कोणी मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. सरकारी वकिलांनी मोबाइल परत घेतला आणि खिशात टाकला. 

मॅडमनी विचारलं, "घरी पायऱ्या किती आहेत? कशा चढता?"

"येऊन बघा ना मॅडम. फुलीच्या घरी परत जायचं असतं. पहिल्या वेळी कोणी आलंच नाही आमच्याकडे."

आरोग्याचे अधिकारी खाली बघायला लागले. फुली म्हणजे काय, ते मॅडमना या अधिकाऱ्यांनाच हळूच सांगावं लागलं.

आणि मॅडम आल्या! मी या कामात आल्यापासून समितीचं माणूस टेकडी चढलेलं पाहिलं नव्हतं. मधे दोनदा बसल्या, पाणी प्यायल्या, पण चढल्या. ताईंच्या दारावर खडूची ठसठशीत फुली होती. मॅडमनी विचारलं, "घरात लहान मूल आहे?"

"नाही मॅडम," ताई आतून म्हणाल्या, "मी आहे."

मॅडम हसल्या नाहीत. आत गेल्या, गुडघ्यावर रबरी हातोडी मारून बघितली, तळव्यांना सुई टोचून विचारलं कळतं का, पायऱ्यांवर ताईंना उतरताना बघितलं. मग कोकम सरबत घेतलं आणि उतरल्या.  नितीन म्हणाला, "गेली ही पण." मी त्याला गप्प केलं, पण मलाही तेच वाटत होतं.

निकाल आला त्या दिवशी मी आणि रॉनी धावतच टेकडी चढलो. लशीशी संबंध सुसंगत, दुसरं कारण आढळत नाही. समितीने ‘मुळे’ म्हटलं होतं! भरपाई किती, ती कधी, ते कोर्ट ठरवेल, त्याला अजून वेळ आहे, आणि हे लिहितेय तोपर्यंत ते झालेलं नाही. पण सरकारच्या कागदावर सरकारने लिहिलं होतं की सुनंदा परब यांना झालं ते लशीमुळे झालं. मी पेढे नेले होते. गल्लीत वाटत वाटत गेले.

ताईंनी कागद नितीनकडून दोनदा वाचून घेतला. मग शेजारणीला हाक मारली, तिलाही तो वाचून दाखवायला लावला. ती म्हणाली, "म्हणजे तू खरं बोललेलीस." ताई म्हणाल्या, "होय गो." तेवढंच. आणि पदराने डोळे पुसले.

मला राहवेना. कोनाड्यातून खडू आणि ओलं फडकं घेतलं आणि दारावरची फुली पुसायला गेले. म्हटलं, "ताई, आता इथे ‘पी’ मी लिहिणार. मान माझा."

"थांब गो." वॉकरचा आवाज आला. त्या दारापर्यंत आल्या. "तुझ्या टेबलावर अजून किती जणांच्या फायली?"

 आकडा त्यांना माहीत होता. विक्रोळीचा तो मुलगा, बोरिवलीच्या त्या बाई, ज्यांच्या फाइलवर अजून ‘माहिती अपुरी’ आहे, ज्यांच्याकडे कोणी आलेलं नाही.

"मग ‘पी’ कसला लिवतंस? एक पोर झालां. बाकीची पोरां रवली ना गो."

त्यांनी खडू माझ्या हातातून घेतला. वॉकरला पोट टेकवून उभ्या राहिल्या, एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरलं, आणि माझ्या फडक्याने अर्धवट पुसली गेलेली फुली पुन्हा, वाकडी पण ठळक, दारावर काढली.